निसटलेला मासा बाहेर काय खातो?

(शेततळे, बोडी आणि पिंजऱ्यात मासे वाढवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

बोडी (शेतातलं लहान तळं) फुटली किंवा सांडव्यावरून मासा गेला की दुकानात हमखास विचारणा होते, "भाऊ, दाण्यावर वाढलेला मासा बाहेर उपाशीच मरते ना?" मरतोच असं नाही. जात कोणती, त्यावर आहे.

पहिले काही दिवस त्याला जड जातात. काठावर पावलं वाजली की दाणे पडतात, एवढंच त्याला ठाऊक. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, सायप्रेस (Cypress) बेटाजवळ पिंजरे मोडून सुमारे अडीच लाख साल्मन मासे समुद्रात गेले. पुन्हा सापडलेल्यांची पोटं बहुतेक रिकामी होती. साल्मन पडला शिकारी, आणि यांनी शिकार कधी केलेलीच नाही. तरी फेरो बेटांच्या समुद्रात पकडलेल्या अशाच फरार साल्मनच्या पोटात जंगली साल्मन जे खातो तेच खाणं निघालं आहे. टिकले ते शिकले.

आपल्या माशांना एवढंही शिकावं लागत नाही. कटला वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहू मधल्या थरात शेवाळ नि कुजका पाला, मृगळ तळाचा गाळ. शेण टाकून तुम्ही पाणी हिरवं करता ते यासाठीच, आणि तसं पाणी बऱ्याच तलावांत असतं. गवत्याला (ग्रास कार्पला) पाणवनस्पती मिळाल्या की झालं. पंगसला किडे, गोगलगायी, लहान मासे, पाला असं काहीही चालतं; मात्र नागपूरच्या थंडीत पाणी गार पडलं की तो तुमच्या तळ्यातसुद्धा धड खात नाही.

खरी काळजी दोघांची. चिलापी (तिलापिया) शेवाळ खाते तशी इतर माशांची अंडीही खाते आणि तुम्ही बीज न सोडताही वाढत जाते. १९५२ मध्ये देशात आणलेली मोझांबिक चिलापी आता निघता निघत नाही. दुसरा थाई मांगूर. रात्री वासावर फिरतो; मासे, बेडूक, गोगलगायी, जे सापडेल ते गिळतो. हवेत श्वास घेत ओल्या जमिनीवरून सरकत शेजारच्या पाण्यातही जातो. त्याच्यावर देशात बंदी आहे. आमच्याकडे तो मिळणार नाही, कृपया मागू नका. गावठी मांगूर वेगळा, तो विचारा.

तुमच्या सांडव्याखालच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात मासेमारी करणाऱ्या ढीवर बांधवांनी बीज सोडलेलं असतं. तुमची चिलापी त्यातच जाऊन पडते.

म्हणून जाळी मृगाआधी लावा. छिद्र तुमच्या सर्वांत बारीक बोटुकलीच्या (बोटाएवढ्या पिल्लाच्या) अंगापेक्षा लहान हवं. जोराचा पाऊस सुरू असताना जाळीवरचा पालापाचोळा काढत राहा. जाळी तुंबली तर पाणी बांधावरून जातं आणि मासा तर जातोच, बांधही जातो. जाळी घ्यायला येताना सांडव्याची रुंदी मोजून आणा, अंदाजाने नको.