तात्पुरत्या नेटवर्कसाठी आयपी पत्त्यांचे वाटप

परिषद, क्रीडास्पर्धा, प्रदर्शन किंवा संशोधन-प्रयोग यांसाठी थोड्या काळापुरत्या उभारलेल्या नेटवर्कला इंटरनेटचे सार्वजनिक पत्ते मुदतीने देण्याच्या आणि मुदत संपताच परत घेण्याच्या पद्धतीला तात्पुरते वाटप म्हणतात. परत आलेला गट पुढच्या अर्जदाराला मिळतो, त्यामुळे एकाच साठ्यावर अनेक कार्यक्रमांची गरज एकापाठोपाठ भागते.

आयपीव्ही ४ या इंटरनेट-पत्त्यांच्या जुन्या पद्धतीतील पत्ता ३२ बिटांचा असतो आणि असे एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्तेच संभवतात. त्यांच्या केंद्रीय साठ्यातील शेवटचे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी पाच प्रादेशिक नोंदणीसंस्थांना वाटले गेले. त्यांपैकी युरोप, मध्यपूर्व व मध्य आशियाचे काम पाहणाऱ्या राइप एनसीसीचा सर्वसाधारण साठा २५ नोव्हेंबर २०१९ रोजी संपला. मात्र या संस्थेने तात्पुरत्या वापरासाठी /१३ आकाराचा (तिरप्या रेषेनंतरचा आकडा जितका मोठा, तितका गट लहान), म्हणजे ५,२४,२८८ पत्त्यांचा, गट वेगळा राखून ठेवला होता. हा निर्णय दूरदृष्टीचा होता, कारण असा राखीव साठा नसता तर चार दिवसांच्या कार्यक्रमालाही पत्ते बाजारातून विकत किंवा भाड्याने घ्यावे लागले असते.

न्याय्य वाटपाचा विचार करताना केवळ पत्त्यांची संख्या पाहणे अपुरे ठरते. किती पत्ते आणि किती दिवस, या दोहोंचा गुणाकार हेच खरे माप मानले पाहिजे. मोठा गट आठवडाभर वापरून वेळेवर परत करणारा आयोजक इतरांची फारशी अडवणूक करत नाही. लहान गट महिनोन्‌महिने विनावापर अडकवून ठेवणारा मात्र करतो. उपस्थितांच्या संख्येवरूनही गरज ठरत नाही. ज्यांना फक्त वेबपाने आणि व्हिडिओ पाहायचे आहेत, अशा शेकडो उपकरणांना १९९६ मध्ये निश्चित झालेले खासगी, म्हणजे केवळ आतल्या नेटवर्कपुरते चालणारे, पत्ते देऊन मोजक्या सार्वजनिक पत्त्यांमागे ठेवता येते, कारण प्रत्येक सार्वजनिक पत्त्यामागे ६५,५३६ पोर्ट-क्रमांक (एकाच पत्त्यावरील वेगवेगळे संवाद ओळखणारे आकडे) उपलब्ध असतात. याउलट, सहभागी लोक स्वतःचे सर्व्हर चालवतात अशा तंत्रज्ञांच्या मेळाव्यात किंवा बाहेरून थेट संपर्क आवश्यक असलेल्या प्रयोगात खासगी पत्ते असे सार्वजनिक पत्त्यात बदलण्यामुळे, म्हणजे पत्ता-रूपांतरणामुळे, मूळ हेतूच बाधित होतो. तेथे सार्वजनिक पत्त्यांची मागणी रास्त असते. राउटिंगचीही, म्हणजे माहितीला नेटवर्कांमधून वाट दाखवण्याचीही, एक मर्यादा आहे. बहुतेक नेटवर्कचालक /२४ पेक्षा लहान आयपीव्ही ४ गटाची घोषणा (हा गट आमच्याकडे आहे ही इतर नेटवर्कना दिलेली सूचना) स्वीकारत नाहीत, म्हणून स्वतंत्र राउटिंग हवे असलेल्या छोट्या प्रयोगालाही, त्याची उपकरणे दहाच असली तरी, २५६ पत्ते द्यावेच लागतात. तेवढ्यावरून त्याला उधळपट्टीचा दोष देणे अन्यायाचे होईल.

मिळालेले पत्ते कार्यक्रमाच्या आतही काटकसरीने वापरावे लागतात. डीएचसीपी सर्व्हर प्रत्येक उपकरणाला ठरावीक काळासाठी पत्ता देतो. हा काळ दिवसभराचा ठेवला, तर सकाळी येऊन गेलेल्या माणसाचा पत्ता संध्याकाळपर्यंत अडकून राहतो. तासाभराचा किंवा त्याहून कमी काळ ठेवल्यास तेच पत्ते पुन्हा फिरू लागतात. आधुनिक फोन गोपनीयतेसाठी आपला हार्डवेअर-पत्ता बदलतात, आणि एकच फोन सर्व्हरला नवे उपकरण वाटू शकतो; तेव्हा अंदाजात त्यासाठीही जागा ठेवावी लागते.

परतीची बाजू बहुधा दुर्लक्षित राहते. एका देशात वापरलेला गट पुढच्या महिन्यात दुसऱ्या देशात गेला, तरी स्थाननिश्चितीचे अनेक कोश (कोणता पत्ता कोठे वापरात आहे हे सांगणारे माहितीसाठे) त्याला जुन्याच जागी दाखवत राहतात, आणि उपस्थितांना परक्या भाषेतील पाने दिसतात किंवा काही सेवा नाकारल्या जातात. आयोजकाला आपल्या पत्त्यांचे स्थान स्वतः जाहीर करता यावे म्हणून २०२० मध्ये आरएफसी ८८०५ या इंटरनेट-तंत्रविषयक दस्तऐवजात एका सोप्या फाइलीचे स्वरूप मांडले गेले, पण ती वाचायची की नाही हे कोश चालवणाऱ्यांच्या हाती असते. आधीच्या वापरात स्पॅम पाठवला गेला असेल, तर काळ्या यादीतील नोंदही पुढच्या आयोजकाच्या माथी येते. म्हणून परत करताना राउटिंगची घोषणा थांबवणे, आरपीकेआयमधील (कोणता गट कोणी घोषित करावा हे प्रमाणित करणाऱ्या व्यवस्थेतील) अधिकारनोंदी काढणे आणि उलट डीएनएस (पत्त्यावरून नाव शोधून देणाऱ्या नोंदी) साफ करणे हा वाटपाचाच भाग मानला पाहिजे.

आयपीव्ही ६ या पत्त्यांच्या नव्या पद्धतीत ही टंचाई नाही. एका /४८ गटात /६४ आकाराची ६५,५३६ उपनेटवर्क बसतात. २०२० च्या आरएफसी ८९२५ नुसार उपकरण डीएचसीपीच्या १०८ क्रमांकाच्या पर्यायातून आपल्याला आयपीव्ही ४ पत्ता नको असल्याचे सांगू शकते, आणि जुन्या सेवांपर्यंत ते पत्ता-रूपांतरणाद्वारे पोहोचते. हा पर्याय वापरणाऱ्या नेटवर्कमध्ये केवळ जुन्या उपकरणांनाच आयपीव्ही ४ पत्ते लागतात, आणि आयोजकाला पूर्वीपेक्षा बराच लहान गट मागता येतो.