अडॅप्टर मोठा चालेल, फ्यूज मोठा चालणार नाही
(१२ व्होल्टचा अडॅप्टर, एसएमपीएस किंवा फ्यूज घेण्यापूर्वी)

राउटर १ अँपिअरचा आहे, २ अँपिअरचा अडॅप्टर लावला तर जळेल का? नाही. व्होल्ट तेवढे बरोबर जुळले पाहिजेत. अँपिअर ही अडॅप्टरची कुवत. राउटर त्यातून लागेल तेवढाच करंट ओढतो. उलटं केलं, म्हणजे अडॅप्टर अर्ध्या अँपिअरचा घेतला, की तो तापतो, व्होल्ट पडतात, राउटर सारखा रीस्टार्ट होतो आणि बोल नेटवाल्याला बसतात.

लेबलवर ‘आउटपुट’ची ओळ वाचा. ‘इनपुट’समोरचा आकडा २३० व्होल्टच्या बाजूचा असतो, तो इथे कामाचा नाही. प्लस-मायनसची खूण आणि पिनही पाहा: बाहेरून ५.५ मिमीच्या पिना सारख्याच दिसतात, पण आतलं भोक २.१ किंवा २.५ मिमी असतं. २.१ च्या जागी २.५ ची पिन बसते, पण सैल. वायर हलली की सप्लाय तुटतो.

कॅमेऱ्यांचा हिशेब रात्रीचा करा. अंधार पडला की इन्फ्रारेड एलईडी लागतात आणि करंट वाढतो. दिवसा चित्र छान, रात्री कॅमेरे बंद, अशी तक्रार असेल तर आधी सप्लाय अपुरा पडतोय का ते तपासा. अर्ध्या अँपिअरचे चार कॅमेरे म्हणजे २ अँपिअर. त्याला बाजारात मिळणारा चार चॅनलचा ५ अँपिअरचा एसएमपीएस (२३० चे १२ व्होल्ट करून देणारा सप्लायचा डबा) निवांत चालतो.

एलईडी पट्टी मीटरला १४.४ वॅटची असेल तर ५ मीटरला ७२ वॅट. भागिले १२, म्हणजे ६ अँपिअर. एसएमपीएस ८० टक्क्यांच्या वर राबवू नये, म्हणून किमान ७.५, आम्ही १० अँपिअरचाच देतो. पट्टीचं टोक मंद दिसलं तर मोठा एसएमपीएस घेऊन उपयोग नाही, दोन्ही टोकांना सप्लाय द्या.

आता फ्यूज. तो वायर वाचवण्यासाठी असतो. त्याचा आकडा चालू करंटपेक्षा थोडा जास्त, पण वायरच्या क्षमतेपेक्षा कमी हवा. वरच्या पट्टीला ६ च्या सव्वापट, म्हणजे ७.५ अँपिअर (तपकिरी ब्लेड फ्यूज), आणि तांब्याची १ चौ. मिमी वायर. अर्धा चौ. मिमी वायर असेल तर वायरच बदला. एसएमपीएस जितका मोठा, तितकी फ्यूजची गरज जास्त, कारण बिघाड झाला तर तो तेवढा जास्त करंट वायरमध्ये ढकलू शकतो. एका एसएमपीएसवर तीन पट्ट्या असतील तर फ्यूजही तीन लागतात.

उडालेला काचेचा फ्यूज फेकण्याआधी नीट बघा. काच काळी पडली असेल तर बहुधा शॉर्ट. काच स्वच्छ आणि तार मधेच वितळलेली असेल तर ओव्हरलोड. बदलताना आकडा तोच, आणि अक्षरही तेच: ‘टी’ म्हणजे सावकाश उडणारा, ‘एफ’ म्हणजे झटपट. ‘टी’च्या जागी ‘एफ’ टाकला तर स्विच ऑन करतानाच्या झटक्यातच उडेल. गाडीचा ब्लेड फ्यूज साधारण ३२ व्होल्टचा असतो. २३० व्होल्टवर तो वापरू नका, आतली ठिणगी विझत नाही. चंदेरी कागद गुंडाळणं म्हणजे फ्यूज काढून टाकणंच.

एसएमपीएसच्या आतला फ्यूज उडाला असेल तर सहसा आतला एखादा भाग शॉर्ट झालेला असतो, नवा फ्यूजही लगेच उडेल. घरी उघडू नका: प्लग काढल्यावरही मोठ्या कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो.

दुकानात येताना यंत्राच्या आणि जुन्या अडॅप्टरच्या लेबलचा फोटो, वायरची लांबी आणि उडालेला फ्यूज आणा.