फाइट (हिंदी चित्रपटातील मारामारी)

हिंदी गुन्हेगारीपटात नायक आणि गुंड यांच्यात होणारी झटापट आधी बसवलेली असते आणि तुकड्यातुकड्यांत चित्रित केली जाते. मुंबईच्या चित्रपटधंद्यात तिला ‘फाइट’ म्हणतात. ती बसवणारा तो फाइट मास्टर (श्रेयनामावलीत अ‍ॅक्शन डायरेक्टर), मार देणारे-खाणारे ते फायटर आणि नटाच्या जागी धोका अंगावर घेणारा तो डुप्लिकेट. प्रेक्षकाची नजर ठोसा मारणाऱ्यावर असते, पण फाइट उभी राहते ती ठोसा खाणाऱ्याच्या जिवावर. नायकाच्या हातात किती ताकद आहे हे पडद्यावर फक्त समोरच्याच्या मानेवरून, पाठीवरून आणि पडण्यावरून कळते.

सर्वांत नेहमीचा प्रकार म्हणजे बाजूने फिरवून मारलेला ठोसा. कॅमेरा दोघांपैकी एकाच्या खांद्यामागे लावतात. त्यामुळे मूठ आणि गाल एका रेषेत येतात आणि मधले सहा-आठ इंचांचे अंतर दिसत नाही. 85 मिलिमीटर किंवा त्याहून लांब लेन्सने हे अंतर आणखी दबते, तर 24 मिलिमीटरच्या वाइड लेन्सवर ते लगेच उघडे पडते. कॅमेरा दोघांच्या बरोबर काटकोनात गेला तर कितीही चांगला फायटर असला तरी ठोसा हवेत गेल्याचे दिसणारच. सरळ नाकावर मारलेला ठोसा बाजूने क्वचित दाखवतात तो याचमुळे. मूठ चेहऱ्यासमोरून थेट पलीकडे निघून गेली पाहिजे. नवखा नट समोरच्याला लागेल या भीतीने ती गालाजवळ आणून थांबवतो. मूठ थांबली की ठोसा संपला. पडद्यावर तो नुसता धक्का वाटतो.

आता मार खाणाऱ्याचे काम. मूठ ज्या दिशेने जाते त्याच दिशेने मान फिरायला हवी, आणि तीही दोन-तीन फ्रेम (फिल्मवरची एकेक स्थिर चित्रे) उशिरा. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर हा जेमतेम एक दशांश सेकंदाचा खेळ आहे. मान आधी फिरली तर गड्याला ठोसा येणार हे ठाऊक होते असे दिसते. फार उशिरा फिरली तर मूठ आणि मान यांचा संबंधच तुटतो. क्रमही ठरलेला: आधी हनुवटी, मग खांदा, मग कंबर, शेवटी पाय. सगळे अंग एकदम फिरले की नाच वाटतो. खांद्यावर आणि छातीवर मुलतानी माती किंवा टाल्कम पावडर लावून ठेवतात. फटक्यासरशी तिचा धुरळा उडतो, मागून दिवा असेल तर तो धुरळाच ठोशाचे वजन सांगतो.

तालीम आधी पाव वेगाने, मग अर्ध्या वेगाने आणि शेवटी पूर्ण वेगाने होते. एका शॉटमध्ये पाच-सहा फटक्यांपेक्षा जास्त ठेवू नयेत, कारण त्यापुढे कोणी ना कोणी क्रम विसरतो आणि नेमके तेव्हाच खरे लागते. प्रत्येक फटक्याआधी दोघांची नजरानजर झाली पाहिजे. समोरच्याची नजर मिळाली नाही तर हात उचलायचा नाही. हालचाल संथ वाटली तर 24 ऐवजी 22 फ्रेमच्या वेगाने चित्रण करतात आणि दाखवतात 24 नेच, म्हणजे पडद्यावर साधारण नऊ टक्के वेग वाढतो. 18 फ्रेमपर्यंत खाली गेले की माणसे मूकपटातल्यासारखी तुरुतुरु पळू लागतात.

या कलेची मुळे मूकपटातच आहेत. कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत सुरुवात केलेले मास्टर विठ्ठल मुंबईत शारदा फिल्म कंपनीचे स्टंटवीर नायक झाले आणि 1931 मध्ये ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाचे नायकही. 1935 मध्ये वाडिया मूव्हीटोनच्या ‘हंटरवाली’तून स्टंट स्वतः करणारी नायिका नादिया आली. स्टंटपट गाजवणारे मास्टर भगवान यांच्या हातून 1942 मध्ये एका चित्रणात ललिता पवार यांना खरी थप्पड जोरात बसली. चेहऱ्याला पक्षाघात झाला, डावा डोळा कायमचा अधू झाला आणि नायिकेच्या भूमिका सुटल्या. पुढे त्यांनी खाष्ट सासवा अजरामर केल्या हे खरे, पण त्या एका थपडेची किंमत त्यांनी आयुष्यभर मोजली. ‘जरा खरे लागू दे, जास्त चांगले दिसते’ असे सांगणाऱ्या प्रत्येक दिग्दर्शकाला हे उदाहरण माहीत असायला हवे.

फाइटमध्ये जे फुटते ते फुटण्यासाठीच बनवलेले असते. बाटल्या आणि लहान काचा पूर्वी साखरेच्या असत. साडेतीन वाट्या साखर, दोन वाट्या पाणी आणि एक वाटी लिक्विड ग्लुकोज असे मिश्रण 150 अंश सेल्सिअसपर्यंत उकळून तेल लावलेल्या साच्यात ओततात. 140 च्या आत उतरवले तर काच चिवट होते, वाकते पण फुटत नाही. 160 च्या वर गेले तर पिवळी पडते. मुंबईत खरा शत्रू मात्र दमट हवा. साखर हवेतले पाणी ओढते, तासा-दोन तासांत काच चिकट आणि धुरकट होते; जुलैत तर साच्यातून काढल्या काढल्या वापरावी लागते. म्हणून आता ठिसूळ रेझिनच्या (एक प्रकारच्या प्लास्टिकच्या) बाटल्या वापरतात. त्यांच्याही कडा कापतात, तेव्हा बाटली डोक्याच्या मागच्या भागावर फोडायची, कपाळावर किंवा डोळ्यांजवळ कधीच नाही.

टेबल-खुर्च्या हलक्या, बिनगाठीच्या लाकडाच्या करतात. फळी खालच्या बाजूने करवतीने दोन तृतीयांश कापतात आणि वरून रंग देतात. खिळे अजिबात नकोत. सांधे सरसाने नावापुरते जोडायचे. तुटणारे टेबल आणि शाबूत टेबल दिसायला सारखेच असल्यामुळे तुटणाऱ्याला खालून खूण करणे हे साधे काम विसरले की अपघात ठरलेला. शिवाय टेबलाचा मधला भाग कितीही कच्चा केला तरी कोपरा कोपराच राहतो. जुलै 1982 मध्ये बंगळूरला ‘कुली’च्या चित्रणात अमिताभ बच्चन यांच्या पोटात टेबलाचा कोपराच लागला. उडी आणि टेबल यांचा मेळ क्षणभर चुकला होता. मुंबईत ब्रीच कँडी रुग्णालयात ते मृत्यूच्या दारातून परतले. चित्रपटात त्या क्षणी चित्र थांबवून प्रेक्षकांना ती जागा दाखवली आहे.

उंचावरून पडण्यासाठी रिकामी पुठ्ठ्याची खोकी हा जुना आणि अजूनही भरवशाचा उपाय आहे. दीड-दोन फुटी खोकी थरांत रचतात, भोवती दोर बांधतात म्हणजे ती फाकत नाहीत, आणि वर गाद्या टाकतात. वीसेक फुटांवरून पडायचे तर किमान तीन थर हवेत. खोके चेपते तेव्हा त्यातली हवा हळूहळू बाहेर पडते, वेग मुरतो आणि माणूस वाचतो. भिजलेले खोके हवा धरत नाही, एकदम बसते. पावसात ही खोकी वापरायची नाहीत. पाठीवर पसरून पडायचे, पायांवर कधीही नाही. पायांवर पडणाऱ्याचे घोटे जातात आणि गुडघा तोंडावर येतो.

गोळीबारात अंगावर फुटणाऱ्या गोळीला ‘बुलेट हिट’ म्हणतात. आत जाड पट्टी, तिच्यावर बारूदाचा छोटा बार, त्यावर लाल द्रवाची पिशवी आणि सर्वांत वर शर्ट. शर्ट त्या जागी आतून ब्लेडने खरवडून विरवावा लागतो. तसे केले नाही तर बार फुटतो, कापड फाटत नाही आणि नुसता फुगा येऊन बसतो. एका शर्टाचे चार-पाच जोड लागतात ते याचसाठी. आता काही ठिकाणी बारूदाऐवजी दाबलेल्या हवेवर काम भागवतात. ते सुरक्षित आहे, फक्त उसळी जरा मऊ येते.

मुंबईने फाइटला जागा दिल्या. कुलाब्याची बंद पडलेली मुकेश मिल, मढ-मार्वे, गोदी, गोरेगावची चित्रनगरी. जागा फाइट घडवते हे ‘दीवार’ (1975) ने दाखवले. नायक गोदामाला आतून कुलूप लावतो आणि तिथेच पळवाट संपते. पुढचे फटके नुसता हिशेब चुकता करतात. ‘सत्या’ (1998) ने उलटी वाट धरली: गोळी अचानक, झटापट आखूड, शेवटचा वार गणेश विसर्जनाच्या गर्दीत. गर्दीतल्या अशा वारासाठी सुरा रबरी किंवा पाते मुठीत मागे सरकणारा असतो. सरकणाऱ्या पात्यात वाळू गेली तर ते अडकते, म्हणून चौपाटीवर रबरीच बरा. त्याच वर्षीच्या ‘गुलाम’मध्ये आमिर खान सानपाडा स्थानकाजवळ समोरून येणाऱ्या लोकलकडे धावला आणि अगदी थोडक्यात बचावला. आज कोणी जाणता मास्टर तो शॉट खऱ्या गाडीसमोर घेणार नाही, घेऊही नये.

‘शोले’त हेमा मालिनी यांच्या जागी टांगा हाकणाऱ्या रेश्मा पठाण यांचे नाव लोकांना कळायला कित्येक वर्षे गेली. फाइटसाठी राष्ट्रीय पुरस्कार तर 2016 च्या चित्रपटांपासून सुरू झाला. अपघात अजून थांबलेले नाहीत. जुलै 2025 मध्ये तमिळनाडूत नागपट्टिनमजवळ गाडी उलटवण्याच्या शॉटमध्ये एका स्टंट कलाकाराचा जीव गेला. हार्नेसचा (अंगाला बांधायच्या सुरक्षा-पट्ट्यांचा) प्रत्येक हुक दुसऱ्या माणसाने तपासायचा, सेटवर रुग्णवाहिका आल्याशिवाय पहिला शॉट लावायचा नाही, आणि फायटर ‘नको’ म्हणाला तर कारण न विचारता थांबायचे, एवढे तरी प्रत्येक सेटवर झालेच पाहिजे.

चित्रण संपले तरी ठोसा अजून मुका असतो. ध्वनी स्टुडिओत चामड्याच्या जाकिटावर, मांसाच्या तुकड्यावर फटके मारून आवाज घेतात. हाड मोडायला कोबीचा गड्डा किंवा सेलरीची (जाड, करकरीत देठांच्या भाजीची) जुडी पिळतात. जुना ‘ढिशूम’ असाच थरावर थर चढवून भरदार केलेला आवाज होता. आणि तो आवाज मूठ गालापाशी पोचते त्या फ्रेमवर बसवत नाहीत. मार खाणाऱ्याची हनुवटी हलायला लागते, तिथे बसवतात.