मांजर ओकलं, की गिळलेलं नुसतंच परत आलं?

'मांजरंच ती, ओकायचीच!' घोडबंदर रोडच्या टॉवरपासून दिवाळे कोळीवाड्यापर्यंत हे वाक्य ऐकू येतं. ते जेमतेम निम्मं खरं आहे. महिन्यातून एखादा केसांचा गोळा पडला तर सहसा काळजी नाही. पण दर आठवड्याला जेवल्यावर अन्न बाहेर येत असेल, तर कुठेतरी बिघाड आहे.

फरशी पुसायची घाई करू नका. आधी नीट बघा. दाणे अख्खे, चिकट लाळेत लडबडलेले आणि नळीतून काढल्यासारखी लांबट वळकटी असेल, तर अन्न बहुधा पोटात पोचलंच नाही, अन्ननलिकेतूनच परतलं. अर्धवट पचलेलं, आंबट वासाचं किंवा पित्ताने पिवळं असेल, तर ती खरी उलटी. आकार कधीकधी फसवतो, पोट मात्र फसवत नाही. खरी उलटी होताना मांजर आधी ओठ चाटतं, लाळ गाळतं आणि मग पोट भात्यासारखं खपाटीला जाऊन हलतं. अन्न नुसतं परतताना मान खाली जाते आणि घास पडतो, पोटाला झटका नाही. मोबाइलवर काढलेला वीस सेकंदांचा व्हिडिओ डॉक्टरांच्या कामी येतो.

पोटाच्या या भात्यामागची यंत्रणा मोठी देखणी आहे. मेंदूच्या बुंध्याशी, मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या चौथ्या पोकळीच्या तळाशी एक छोटा भाग असतो. रक्तातली रसायनं मेंदूत शिरू नयेत म्हणून इतरत्र जो पहारा असतो, तो इथे ढिला असतो. त्यामुळे हा भाग जणू रक्ताची चव घेत बसलेला असतो. किडनी बिघडून रक्तात साचलेली घाण, एखादं औषध, विष, सगळं त्याला आधी कळतं. 1950 च्या सुमारास बोरिसन आणि वँग या शास्त्रज्ञांनी कुत्र्या-मांजरांवर प्रयोग करून दाखवलं, की हा भाग निकामी केला तर काही औषधांनी होणारी उलटी थांबते, पण पोटात गेलेल्या मोरचुदाने होणारी थांबत नाही. कारण आतड्या-जठराची तक्रार व्हेगस नावाच्या नसेतून वेगळ्या वाटेने वर जाते. दोन्ही वाटा पुढे एकाच ठिकाणी मिळतात आणि तिथून हुकूम सुटतो. आधी लहान आतड्यातून एक उलटी लाट निघते आणि आतला माल जठरात आणून टाकते. पित्त येतं ते असं. मग श्वासनलिकेचं दार मिटतं, श्वासपटल आणि पोटाचे स्नायू एकदम आवळतात. या उबळीत अन्न अन्ननलिकेत चढतं आणि पुन्हा खाली घसरतं. शेवटच्या झटक्याला श्वासपटलाचा अन्ननलिकेभोवतीचा भाग सैल पडतो, छातीतला दाब फिरतो, तेव्हा कुठे माल बाहेर. म्हणूनच पाचसहा उबळींनंतर एकदाचं ओकलं जातं.

परतणाऱ्या घासाला हे काहीच लागत नाही. त्याचं नेहमीचं कारण हावरेपणा, विशेषतः घरात दोन मांजरं असतील तर. घरात राहणाऱ्या 4 किलोच्या मांजराला दिवसाला साधारण 200 कॅलरी लागतात. 100 ग्रॅम ड्राय फूडमध्ये 350 ते 400 असतात, म्हणजे दिवसाचे 50-57 ग्रॅम झाले. ते वाटीने न मोजता काट्यावर तोला, पाचसहा वेळांत विभागा आणि इडलीपात्राच्या खळग्यांत चारचार दाणे पसरा. खळग्यातून दाणा काढताना जीभ आपोआप मंदावते. दोन मांजरांना दोन खोल्यांत वाढा. फ्रिजमधलं खाणं कोमट करून द्या. नवा ब्रँड 7 ते 10 दिवसांत थोडाथोडा मिसळत आणा. पावसाळ्यातल्या दमट हवेत उघडी पिशवी खवट होते, बुरशी धरते. पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दूध बंद, मोठ्या मांजरांपैकी अनेकांना ते पचत नाही.

डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकची गोळी कोरडी भरवली तर ती अन्ननलिकेत अडकून आतून भाजू शकते, पुढे तिथे नळी आकसते आणि घास परततो. गोळीमागून सिरिंजने 5-6 मिली पाणी हळूहळू द्याच.

दोऱ्याचं प्रकरण वेगळं. गजऱ्याचा, राखीचा, मांज्याचा दोरा जिभेखाली अडकतो आणि दुसरं टोक आतड्यात जातं. आतडं त्यावर चुण्या पडत गोळा होतं आणि कापलं जातं. दोरा तोंडात किंवा मागून दिसला तरी ओढू नका. 'नजर लागली म्हणून अन्न टिकत नाही' असं म्हणत गळ्यात काळा दोरा बांधणाऱ्यांनी तो चावून गिळला गेला तर काय होईल याचाही विचार करावा. पाकिटावर 'हेअरबॉल' छापलेलं महाग खाणं घेऊनही उलट्या चालूच राहिल्या, तर दोष बहुधा केसांचा नसतो.

घरच्या घरी उलटी काढायला मिठाचं पाणी पाजू नका. पॅरासिटामॉल तर मांजराला विषच आहे. फुलदाणीतली खरी (लिलियम जातीची) लिलीही. नुसते पराग चाटले तरी किडनी जाते. अशा वेळी उलटीची वाट न बघता दवाखाना गाठा.

काही तासांत तीनचार उलट्या, रक्त, किंवा लस न टोचलेलं मलूल पिल्लू असेल तर त्याच दिवशी जा. बोका वाळूत बसून कुंथतोय, लघवी होत नाही आणि ओकतोय, तर रात्र असली तरी निघा. मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. 'पोटाला आराम' म्हणून पिल्लाला उपाशी ठेवू नका. लठ्ठ मांजराने दोनतीन दिवस खाल्लं नाही तर यकृतात चरबी भरते.

मांजर आठ-दहा वर्षांचं असेल तर थायरॉइड आणि किडनीच्या रक्ततपासण्या करून घ्या. महिन्यातून एकदा त्याला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहा, मग त्याला खाली ठेवून एकटेच उभे राहा आणि फरक कॅलेंडरवर लिहा. 4 किलोचे 3.6 झाले तर डॉक्टरांना तो आकडा आधी सांगा.