टेस्ट एक, स्पेलिंगं दोन

रक्ताची करतात ती टेस्ट आणि जिभेला कळते तीही टेस्ट. खिशाला लावतो ते पेन आणि पेनकिलर घेतल्यावर थांबतं तेही पेन. मराठीत बोलताना या जोड्यांमुळे कधी घोटाळा होत नाही, संदर्भ सगळं सांभाळून घेतो. अडचण येते ती हेच शब्द रोमन लिपीत लिहिताना. मग इमारतीवर ‘फ्लॅट फॉर सेल’ची पाटी लागते आणि तिच्यात एस-ए-एल-ई ऐवजी एस-ई-डबल एल, म्हणजे ‘विक्री’च्या जागी ‘विकणे’ हे क्रियापद येऊन बसतं.

अशा चुकांवर निष्काळजीपणाचा शिक्का मारणं अन्यायाचं आहे. यातल्या बऱ्याच चुका ठरावीक जागीच होतात आणि त्या जागा आपल्या कानाने आणि लिपीने आखून दिलेल्या असतात. ‘विकणे’ या अर्थाच्या शब्दात इंग्रज माणूस आखूड ए उच्चारतो, जीभ जागची हलत नाही. ‘विक्री’ या अर्थाच्या शब्दात ए लांबतो आणि शेवटी जीभ ‘इ’ या स्वराकडे सरकते, जवळपास ‘सेइल’. इंग्रजीत हे दोन स्वतंत्र स्वर आहेत. संस्कृत व्याकरण ए हा स्वर दीर्घच मानतं, त्यामुळे देवनागरीच्या पारंपरिक वर्णमालेत ऱ्हस्व ए साठी अक्षरच नाही. कन्नड आणि तेलुगूत दोन्हींना वेगळी अक्षरं आहेत. मराठी कान मात्र दोन्ही आवाज एकाच खणात ठेवतो आणि लिहिताना त्या खणातून हाताला येईल ते स्पेलिंग उचलतो. गेट, वेट, लेटर, पेपर, सगळीकडे हीच गत.

याची उलटतपासणीही करता येते. ‘बॅड’ आणि ‘बेड’ यांत आपली गल्लत बरीच कमी होते. कारण इंग्रजी शब्दांसाठी मराठीने ॲ आणि ऑ ही अक्षरं वापरात आणली आणि 2009 च्या शासननिर्णयाने ती अधिकृत वर्णमालेतही आली. जिथे अक्षर मिळालं तिथे कानाला फरक धरून ठेवायला खुंटी मिळाली.

यावरचा उपाय सोपा आहे. शंका आली की शब्द मुद्दाम ‘एइ’ करून ताणून म्हणायचा. ‘गेइट’ म्हटलं तर फाटक तसंच उभं राहतं, पण ‘मिळवणे’ या अर्थाचा शब्द मोडतो. ताणता येणाऱ्या शब्दाच्या स्पेलिंगात बहुधा ए-आय, ए-वाय, किंवा मधे ए आणि शेवटी मूक ई असतो. न ताणणाऱ्यात बहुतेक वेळा नुसता ई.

‘लूज’ शब्दाचं दुखणंही कानाचंच. आपण लूज कनेक्शन, लूज मोशन असं म्हणतो. इंग्रजीत ‘सैल’ या अर्थाचा शब्द ‘लूस’ असा स ने संपतो आणि त्यात दोन ओ असतात. ‘गमावणे’ हा शब्द झ च्या आवाजाने संपतो आणि त्यात एकच ओ. आपण दोन्ही ‘लूज’च म्हणत असल्याने स्पेलिंग निवडायला आवाजाचा आधार उरत नाही. ‘सैल’ शब्द एकदा ‘गूस’ म्हणजे हंस याच्या जोडीने म्हणून पाहा. दोन ओ आणि स चा आवाज, दोन्ही जुळतात.

आता मेनूकार्डवरचे साप. ‘स्नॅक्स’ लिहायला जावं आणि एस-एन-ए-के-ई-एस होऊन ‘स्नेक्स’ व्हावं, यामागे इंग्रजी लिपीचा एक पक्का नियम आहे. स्वर, मग एकच व्यंजन आणि त्यानंतर ई किंवा आय आला, तर आधीचा स्वर बहुधा लांबतो. तो आखूड ठेवायचा असेल तर मधे दोन व्यंजनांची भिंत लागते. म्हणून ‘डायनिंग’मध्ये एक एन आणि ‘डिनर’मध्ये दोन. पाटीवर ‘डायनिंग हॉल’मध्ये दोन एन पडले की वाचायचं ‘डिनिंग’, आणि इंग्रजीत ‘डिन’ म्हणजे गोंगाट! जेवायला बसणाऱ्याचे कान बधिर करणारी खोली तयार होते. ‘रायटिंग’मध्ये दोन टी आणि ‘हेअर कटिंग’मध्ये एकच टी, या दोन्ही चुका याच नियमाच्या दोन बाजू आहेत.

हा नियम वापरायचा कसा? मूळ शब्द एका अवयवाचा, म्हणजे एका झटक्यात म्हणता येणारा असावा, त्यात एकच स्वराक्षर आणि शेवटी एकच व्यंजन असावं, तर ‘इंग’ लावताना ते व्यंजन दुप्पट होतं: कटिंग, रनिंग, शॉपिंग. शेवटी डब्ल्यू, एक्स किंवा वाय असेल तर ते दुप्पट होत नाही, म्हणून ‘फिक्सिंग’मध्ये एकच एक्स. मूळ शब्दाच्या शेवटी मूक ई असेल तर तो फक्त गळतो: राइट-रायटिंग, डाइन-डायनिंग. शब्दात एकाहून जास्त अवयव असतील तर जोर कुठे पडतो ते ऐकायचं. ‘बिगिन’मध्ये जोर शेवटी, म्हणून ‘बिगिनिंग’मध्ये एन दोनदा. ‘ओपन’मध्ये जोर सुरुवातीला, म्हणून ‘ओपनिंग’मध्ये एकदाच.

दुप्पट अक्षरांचा दुसरा एक झरा आहे आणि तो मराठी माणसाला इंग्रजांपेक्षाही लवकर कळावा, कारण आपण शाळेत संधी शिकलेलो असतो. उत् आणि लेख मिळून उल्लेख होतो, सत् आणि जन मिळून सज्जन. लॅटिनमध्ये अगदी हेच चालतं. ‘अकॉमोडेशन’मध्ये ‘अ‍ॅड’ हा उपसर्ग पुढच्या सी ला भेटून स्वतःच सी होतो, म्हणून दोन सी. त्यापुढे ‘कॉम’ आणि ‘मोडस’ जोडले जातात, म्हणून दोन एम. ‘इन’ आणि ‘लीगल’ मिळून ‘इल्लीगल’, दोन एल. जिथे संधी नाही तिथे जोडही नाही: ‘डिसअपॉइंट’ म्हणजे ‘डिस’ आणि ‘अपॉइंट’, म्हणून एस एकच आणि पी दोन. शेवटच्या गोड पदार्थाच्या ‘डिझर्ट’मध्ये मात्र दोन एस जोडणीतून आले. फ्रेंचमध्ये ‘सर्व्हिर’ म्हणजे वाढणे, त्याआधी ‘देस’ लावलं की वाढलेलं आवरणे. टेबल आवरल्यावर जे येतं ते डिझर्ट. वाळवंटाचा ‘डेझर्ट’ लॅटिनमधल्या ‘सोडून दिलेलं’ या अर्थाच्या शब्दातून आला, तिथे एस एकच.

सगळ्यात चिवट चुका मात्र बिनजोराच्या स्वराच्या. ‘ग्रामर’, ‘कॅलेंडर’, ‘सिमिलर’, ‘डॉक्टर’ या सगळ्यांत शेवटून दुसऱ्या अक्षराचा आवाज अ सारखाच, पण स्पेलिंगात कधी ए, कधी ओ. इथे कान मदत करत नाही, शब्दाचं भावंड मदत करतं. ज्या नातलगात जोर त्या स्वरावर सरकतो, तिथे तो स्वर स्पष्ट ऐकू येतो. ‘ग्रामर’साठी ‘ग्रॅमॅटिकल’ म्हणा, ए सापडला. ‘सिमिलर’साठी ‘सिमिलॅरिटी’, ‘ऑथर’साठी ‘ऑथॉरिटी’, ‘डेफिनिट’साठी ‘डेफिनिशन’. ‘कॅलेंडर’ला सोयीचं भावंड नाही, तिथे ए पाठच करावा लागतो.

‘स्टेशनरी’ची गोष्ट याच जातीची. मध्ययुगीन युरोपात फिरत्या विक्रेत्यांपेक्षा वेगळा, एका जागी दुकान मांडून बसणारा पुस्तकविक्रेता तो ‘स्टेशनर’. ‘बेकर’सारखाच माणूस, म्हणून त्याच्या वह्या-पेनांत ई. स्थिर या अर्थाच्या शब्दात ए.

‘लायसन्स’ लिहिताना नाम असेल तर सी, क्रियापद असेल तर एस, ही ब्रिटिश रीत. आपला 1988 चा मोटार वाहन कायदा हीच रीत पाळतो: परवाना सी ने, ‘लायसन्सिंग अथॉरिटी’तलं ‘लायसन्सिंग’ एस ने. अमेरिकेत दोन्हीकडे एस. ‘ॲडव्हाइस’मध्ये मात्र दोन्ही देशांत नाम सी ने आणि क्रियापद एस ने, आणि तिथे उच्चारही स-झ असा बदलतो.

संगणकावरची लाल रेघ यातलं किती पकडते? संगणक-संशोधक फ्रेड डॅमरॉ यांनी 1964 साली दाखवलं की तपासलेल्या चुकांपैकी 80 टक्क्यांहून अधिक चुका चारच प्रकारच्या होत्या: एक अक्षर गळणं, एक जास्त पडणं, एक बदलणं किंवा शेजारच्या दोघांची अदलाबदल. साधा स्पेलचेकर शब्द यादीत शोधतो आणि सापडला नाही तर अशा एका पावलावरचे शब्द सुचवतो. पण चुकून तयार झालेला शब्दही यादीतला असेल, तर रेघ उमटतच नाही. ‘डायरी’त आय आणि ए यांची जागा बदलली की ‘डेअरी’ होते. ‘फ्रॉम’चं ‘फॉर्म’, ‘क्वाएट’चं ‘क्वाइट’, ‘अँगल’चा ‘एंजल’, सगळे खरेखुरे शब्द. नवे तपासनीस शेजारचे शब्दही बघतात, तरी यातले काही निसटतातच.

म्हणून आपल्याकडून नेहमी उलटणाऱ्या आठ-दहा जोड्या एका कागदावर लिहून ठेवाव्यात. मजकूर पूर्ण झाला की कंट्रोल आणि एफ दाबून त्यातला एकेक शब्द शोधावा, आणि सापडेल तिथे फक्त तेवढंच वाक्य वाचावं. नोकरीच्या अर्जात आणखी एक शब्द या यादीत हवाच: ‘मॅनेजर’. त्यातला दुसरा ए गळला तर उरतो ‘मेंजर’, म्हणजे गुरांची गव्हाण, आणि त्याच्याखाली लाल रेघ येत नाही.