सुंग (यी-चिंग)

सुंग : ‘यी-चिंग’ या प्राचीन चिनी शकुनग्रंथातील ६४ आकृत्यांपैकी सहावी. अर्थ : तंटा, वाद, फिर्याद. सुंग राजवंशाशी या नावाचा संबंध नाही. उच्चार सारखा, अक्षरे वेगळी. या अक्षराच्या डावीकडे ‘बोलणे’ आणि उजवीकडे ‘सार्वजनिक’ अशी चिन्हे आहेत. उजवे चिन्ह मुळात उच्चार दाखवण्यासाठी असले, तरी घरातली कुरबुर चव्हाट्यावर येणे म्हणजे सुंग, असे सहज वाचता येते.

ग्रंथाचा मूळ गाभा पश्चिम चौ काळातला (इ. स. पू. सुमारे १०४६–७७१). त्यावरची ‘दहा पंख’ नावाची भाष्ये नंतरची आहेत. हान सम्राट वू याच्या काळात, इ. स. पू. १३६ मध्ये, त्याला प्रमाणग्रंथाचा मान मिळाला.

प्रत्येक आकृतीत सहा आडव्या रेषा असतात, काही अखंड तर काही मधे तुटलेल्या, आणि त्या खालून वर वाचतात. सुंगमध्ये खालच्या तीन रेषा पाण्याच्या, वरच्या तीन आकाशाच्या. आकाश वर चढते, पाणी खाली वाहते. दोघांची तोंडे विरुद्ध दिशांना. भाष्यकार यातून काढतो तो बोध भांडणाविषयी नाहीच : शहाणा माणूस कोणतेही काम हाती घेताना त्याच्या आरंभाचा नीट विचार करतो. वाटण्या, व्यवहार, भागीदारी यांतले तंटे बहुधा पहिल्या दिवशी न बोललेल्या गोष्टींतूनच उगवतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला याचे स्पष्टीकरण नको. आकृत्यांचा क्रमही बोलका आहे. पाचवी प्रतीक्षेची, ‘क्रमाचे भाष्य’ तिचा संबंध खाण्यापिण्याशी जोडते आणि म्हणते, जिथे खाणेपिणे तिथे तंटा आलाच. सातवी आकृती सैन्याची.

मूळ वचन साधारण असे आहे : ‘मनात खरेपणा आहे, पण वाट अडली आहे. सावधपणे मध्येच थांबल्यास शुभ, शेवटास नेल्यास अशुभ. थोर माणसाची भेट घ्यावी. मोठी नदी ओलांडू नये.’ यातला पहिला शब्दच महत्त्वाचा. हा सल्ला चुकणाऱ्याला नाही. ज्याची बाजू खरी आहे त्यालाच ‘थांब’ म्हटले आहे. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही आपली म्हण याच्या जवळ जाते, पण यी-चिंग पायरीबरोबर पंचाचाही विचार करते. ‘थोर माणूस’ म्हणजे दोन्ही बाजूंना मान्य असा निवाडा करणारा, आणि पाचव्या रेषेचे ‘तंटा, परम शुभ’ हे वचन वांग बी (इ. स. २२६–२४९) या भाष्यकाराने अशा निवाडा करणाऱ्यालाच लावले.

बाकीच्या रेषांपैकी पहिली म्हणते, प्रकरण लांबवू नये. थोडी बोलणी होतील, शेवट गोड. दुसरीतला माणूस जिंकू शकत नाही, म्हणून गावी परत जाऊन लपतो, आणि त्याच्या तीनशे घरांच्या वस्तीवरचे संकट टळते. चौथीतलाही हरतो, पण मन बदलून स्वस्थ होतो. सहावी रेषा सर्वांत बोचरी : एखाद्याला मानाचा चामडी कमरपट्टा बहाल होतो आणि सकाळ संपेपर्यंत तीनदा काढून घेतला जातो. जिंकलेल्या भांडणाचे इतके नेमके चित्र क्वचितच सापडते.

कौल घेण्यासाठी प्रश्न मनात धरून तीन नाणी सहा वेळा उडवतात, दर वेळी एक रेषा. छाप्याला ३ आणि काट्याला २ धरून बेरीज ६ किंवा ९ आली, तर ती रेषा ‘बदलती’, म्हणजे उलटून दुसरी आकृती देणारी. सुंगची पहिली रेषा बदलली, तर दहावी आकृती मिळते : वाघाच्या शेपटीवर पाय पडला तरी तो चावत नाही, इतके जपून चालणे. सहावी बदलली, तर ४७वी, म्हणजे कोंडी. जुन्या पद्धतीत ५० काड्या घेतात, एक बाजूला ठेवतात आणि उरलेल्या ४९ अठरा वेळा वाटून मोजतात. तेवढ्यात राग निम्मा उतरत असावा, आणि पद्धतीचा खरा उपयोग कदाचित तोच. नाणी भविष्य सांगतात याला पुरावा नाही. आकृती नशिबाने पडते, अर्थ वाचणारा लावतो.

फिर्यादीपर्यंत न गेलेल्या, एकाच घरातल्या दुराव्यासाठी ३८वी आकृती ‘ख्वेइ’ पाहतात. भाष्यात तिचे वर्णन एका घरात राहणाऱ्या, पण मने न जुळणाऱ्या दोन स्त्रिया असे आहे. तिची पहिली रेषा सांगते, घोडा हरवला तर मागे धावू नये, तो आपणच परततो. शेवटच्या रेषेत एकट्या पडलेल्या माणसाला समोर चिखलाने माखलेले डुक्कर दिसते, भुतांनी भरलेली गाडी दिसते. तो धनुष्य ताणतो, मग खाली ठेवतो. येणारे दरोडेखोर नसतात, सोयरीक घेऊन आलेले असतात; पुढे गेल्यावर पाऊस लागतो.