ट्यूब गुलाबी झाली तर आधी सिरिंज आठवा

खोल समुद्रातल्या उष्ण झऱ्यांमधले जिवाणू वाढवण्यासाठी आम्ही तयार मीडियाच्या, म्हणजे त्यांच्या पोषक द्रावणाच्या, सीलबंद ट्यूब देतो. कल्चर, म्हणजे जिवंत जिवाणू, आमच्याकडे मिळत नाही. तरी आठवड्याला एखादा फोन येतोच: "सत्तर डिग्रीला ठेवून चार दिवस झाले, वाढ नाही. मीडिया खराब आहे का?"

तापमानाला सगळेच जपतात. थर्मोसायफो मेलानेसिएन्सिस हा असाच एक जिवाणू नैऋत्य पॅसिफिकच्या लाऊ खोऱ्यातल्या शिंपल्याच्या कल्ल्यांतून मिळाला. त्याला ७० अंश सेल्सिअस मानवतं, पण ६५ वरही तो वाढतो. घात होतो तो ऑक्सिजनने, आणि तो बहुतेक वेळा तुमच्याच सिरिंजमधून जातो.

औषधाची बाटली उपसताना आधी तेवढीच हवा आत सोडायची, ही सवय हाताला असते. इथे ती सोडा. १ मिली हवा म्हणजे सुमारे ०.२१ मिली ऑक्सिजन. मीडियात रेझाझुरिन नावाचं रंगद्रव्य आहे. ऑक्सिजन नसेल तर ते रंगहीन राहतं, शिरला की गुलाबी होतं. गुलाबी रंग फिका असेल तर ट्यूब अर्धा तास ७० अंशांवर ठेवून पाहा. गुलाबीपणा गेला नाही, तर त्यात कल्चर घालू नका. ते वाया जाईल आणि आठवडाही.

हवेऐवजी नायट्रोजन घ्या. सिरिंज तीनदा नायट्रोजनने भरून बाहेर रिकामी करा, चौथ्यांदा भरलेला वायू कल्चरच्या ट्यूबमध्ये सोडा, मग तेवढंच कल्चर ओढा. ट्यूब त्याआधी गार होऊ द्या. अशा बऱ्याच जिवाणूंना ऑक्सिजन गारठ्यात थोडा सोसतो, वाढीच्या तापमानाला नाही.

आमची ब्युटाइल रबरची बुचं कडक आहेत, सुई वाकते, हे खरं. सिलिकॉनची मऊ बुचं मागणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो, कारण सिलिकॉनमधून ऑक्सिजन सहज आरपार जातो. उरलासुरला ऑक्सिजन काढून टाकणारं सोडियम सल्फाइडही आम्हीच आत घालून देतो. मुंबईच्या पावसाळ्यात उघडलेल्या बाटलीतल्या खड्यांना पाणी सुटतं आणि वजनाचा भरवसा राहत नाही. त्यामुळे ट्यूब थोडी महाग पडते.

सिलिंडर नसलेल्या कॉलेजांसाठी नायट्रोजन भरलेल्या सीलबंद बाटल्याही आहेत. मीडियाच्या ऑर्डरमध्ये लिहिलंत की सोबत पाठवतो. पहिल्यांदा करताना फोन लावून ठेवा, आम्ही एकेक पायरी सांगू.